रेनिनची ट्यूब बर्फात का ठेवायची नाही

मावशीला बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी वरचं बीपी १६० च्या खाली येत नाही, त्यात पोटॅशियम सारखं कमी, म्हणून डॉक्टरांनी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासायला सांगितलं. घरी रक्त घ्यायला आलेल्या मुलाने ट्यूबला लेबल लावलं आणि ती थेट बर्फाच्या डब्यात ठेवली. मला वाटलं किती काळजी घेतोय. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की या टेस्टला नेमकं हेच करायचं नसतं, आणि त्याचं कारण इतकं भारी आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी पटकन बॅकग्राउंड. बीपी पडलं किंवा अंगातलं मीठ-पाणी घटलं की किडनी रेनिन सोडते. रेनिन म्हणजे एन्झाइम, एक कात्रीच. लिव्हरने रक्तात सोडलेल्या अँजिओटेन्सिनोजेन नावाच्या मोठ्या प्रोटीनचं १० अमिनो ॲसिडचं टोक ती कापते, हे अँजिओटेन्सिन-१. मग एसीई नावाचं दुसरं एन्झाइम त्यातली २ काढतं, उरलेलं ८ चं अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन सोडवून घेतं, ज्यामुळे किडनी सोडियम धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. काही जणांत ॲड्रिनल कोणी न सांगताच अल्डोस्टेरॉन करत सुटते, बीपी चढतं, किडनी रेनिन जवळपास बंद करते. एक जास्त, दुसरं कमी, म्हणजे अल्डोस्टेरॉन भागिले रेनिन हा भागाकार मोठा (नेहमीच्या युनिटमध्ये साधारण २० ते ३० च्या वर गेला की संशय). १९५५ साली मिशिगनच्या जेरोम कॉन यांनी हा आजार मांडला, आणि २०२५ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) गाइडलाइनमध्ये बीपीवाल्या सगळ्यांचीच ही तपासणी करावी असं सुचवलंय.

आता मोजायचं कसं? डेसिलिटरला १० नॅनोग्रॅम अल्डोस्टेरॉन धरलं तर अंगातल्या सगळ्या प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी सोडून उरलेला पातळ भाग), म्हणजे तीनेक लिटरमध्ये, ते भरतं ३०० नॅनोग्रॅम. साखरेचा एक दाणा अर्धा मिलिग्रॅमचा धरा, तो याच्या दीड हजार पट जड! म्हणजे वजन वगैरे विसरा.

रेनिनच्या बाबतीत तर सुंदर युक्ती आहे. कात्री मोजायचीच नाही, तिने किती कापलं ते मोजायचं. प्लाझ्माचे दोन भाग करायचे, एक ३७ डिग्रीला तास-दोन तास ठेवायचा, दुसरा बर्फात, आणि दोन्हीतल्या अँजिओटेन्सिन-१ चा फरक काढायचा. एसीईने ते पुढे कापू नये म्हणून आत रोखणारी केमिकल घालतात, रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असलेलं ईडीटीए हे केमिकल एसीईला लागणारं झिंकच पकडून ठेवतं. मग अँजिओटेन्सिन-१ मोजायचं तर त्याला पकडणाऱ्या मोजक्याच अँटीबॉडी घ्यायच्या, त्यात किरणोत्सर्गी आयोडीन चिकटवलेलं अँजिओटेन्सिन ठरलेल्या मापात टाकायचं आणि पेशंटचं साधं. एसटीत ४० सीट आणि चढणारे शंभर तसं, पेशंटचं जितकं जास्त तितके किरणोत्सर्गीवाले उभे राहतात, म्हणजे सीटवरचं रेडिएशन कमी. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी ही पद्धत इन्सुलिनसाठी काढली, १९७७ चं नोबेल यॅलोंना मिळालं, बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

आणि आता बर्फ. रक्तात तयार रेनिनपेक्षा कितीतरी जास्त प्रोरेनिन फिरत असतं, म्हणजे म्यानात घातलेली कात्री. प्रोटीनचाच एक तुकडा धारेवर झाकणासारखा बसलेला असतो. आपल्याला वाटतं थंडीत सगळं मंदावतं, पण ०-४ डिग्रीला हे झाकण धारेवरून सुटतं आणि प्रोरेनिन रेनिनसारखं कापायला लागतं! मग रेनिन खोटं जास्त दिसतं, भागाकार खोटा लहान येतो, आणि खरा आजार असलेल्या माणसाला 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं जातं. ट्यूब रूम टेम्परेचरला न्यायची, प्लाझ्मा वेगळा करायचा आणि ठेवायचाच असेल तर झटकन गोठवायचा. बर्फ नको, फ्रीजचा खालचा कप्पाही नको.

यावर शेजारच्या काकूंचं म्हणणं, एवढ्या टेस्ट कशाला, रुद्राक्ष घाला आणि सैंधव खा. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे हो, अल्डोस्टेरॉन त्यातलं सोडियम तसंच धरून ठेवणार. रुद्राक्ष श्रद्धेने जरूर घाला, पण ॲड्रिनलमध्ये गाठ असेल तर ती माळेने जात नाही, आणि एकाच बाजूची असली तर ऑपरेशनने बऱ्याच जणांचं बीपी खरंच उतरतं, म्हणून मला याची इतकी तळमळ.

बाकी भानगडी आहेतच. बीटा ब्लॉकर नावाच्या बीपीच्या गोळ्या रेनिन कमी करतात, त्याने भागाकार उगाच मोठा दिसू शकतो. पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉनच कमी दिसतं, म्हणून ते आधी भरून काढायचं. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर साधारण चार आठवडे थांबवायला सांगतात (ते डॉक्टरांनी, आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही). सकाळी उठून दोनेक तास हिंडायचं-फिरायचं, मग ५ ते १५ मिनिटं बसून रक्त द्यायचं.

मावशीचं पोटॅशियम भरल्यावर काल परत रक्त घेतलं. या वेळी ट्यूब मी स्वतः शर्टाच्या खिशातून लॅबमध्ये नेऊन दिली, रिपोर्ट गुरुवारी.