वादात हरण्याच्या बावीस जागा

१ नोव्हेंबरला बेळगावात दोन गोष्टी एकाच दिवशी चालतात. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. १९५६ साली याच तारखेला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. रस्त्यावरचं सगळं संध्याकाळपर्यंत निवतं, पण मोबाइलवरचं मध्यरात्र उलटली तरी चालू असतं. त्यातली वाक्यं सीमाभागातल्या कुणालाही पाठ असतील.

"दुकानाच्या पाटीवरचं मराठी पुसून तुम्हाला काय मिळतं?"

"सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड शाळांचं काय चाललंय ते आधी बघा की."

"महाजन आयोगानं बेळगाव आम्हाला दिलंय, विषय संपला."

"तू मूळचा कुठला ते सांग, मग बोलू."

मग कुणीतरी शहाणा एक रंगीत तक्ता टाकतो. त्यात तर्कदोषांची इंग्रजी नावं असतात आणि 'तुझा हा दोष नंबर चार' एवढंच खाली लिहिलेलं असतं. भांडण थांबत नाही. उलट आता नावं ठेवायला नवी नावं मिळालेली असतात.

हे दोष मोजायचं काम फार जुनं आहे आणि आपल्याकडे ते गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, सविस्तर झालं. गौतमाने चर्चेचे तीन प्रकार केले. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. हेतू, म्हणजे पुढे केलेलं कारणच, खोटं निघतं त्या दोषांना हेत्वाभास म्हटलं, ते पाच. समोरच्याच्या बोलण्याचा मुद्दाम वेगळा अर्थ लावायचा ते छल, त्याचे तीन प्रकार. नुसत्या वरवरच्या साम्यावर किंवा फरकावर उभे केलेले खोटे आक्षेप म्हणजे जाती, त्या चोवीस. आणि जिथे पोचल्यावर माणूस वादात हरला असं धरायचं ती निग्रहस्थानं, बावीस.

या बावीसांतली काही वाचताना सूत्रकार आपल्याच एखाद्या ग्रुपात बसून गेला असावा असं वाटतं. 'मला दुसरं काम आहे' असं सांगून मधेच चर्चा तोडायची, त्याला विक्षेप म्हणतात. रेंज गेली, नंतर बोलतो, हा त्याचा आजचा अवतार. मूळचं विधान, म्हणजे प्रतिज्ञा, अडचणीत आलं की हळूच दुसरं विधान पुढे करायचं, ते प्रतिज्ञांतर. आणि वरच्या पाटी-शाळेच्या सवाल-जबाबाला तर अगदी बेतलेलं नाव आहे: मतानुज्ञा. आपल्या बाजूवर आलेला दोष न खोडता 'तुमच्यातही तोच आहे' म्हणायचं. गौतमाचं म्हणणं असं की, असं बोलणाऱ्याने स्वतःचा दोष मान्यच केला. अक्कलकोटच्या शाळेची तक्रार खरी असेलही, पण तिने बेळगावच्या पाटीवरचं डांबर निघत नाही. आणि हे उलट बाजूनेही तितकंच लागू आहे. कन्नड मित्राने अक्कलकोटच्या शाळेबद्दल विचारलं की आपणही लगेच पाटीकडे बोट दाखवतोच.

तक्ता टाकणाऱ्यांसाठीही एक जागा राखून ठेवलेली आहे. जिथे दोष नाही तिथे दोष काढायचा, ते निरनुयोज्यानुयोग, हेही निग्रहस्थानच. म्हणजे खोटा आरोप करणारा हरतो. आणि समोरचा खरोखर चुकला असताना ते आपल्या ध्यानातच आलं नाही, तर तीही हार, तिला पर्यनुयोज्योपेक्षण म्हणतात. मला स्वतःला न्यायसूत्रांची ही दोन कलमं सर्वांत आवडतात. आजच्या तक्त्यांत नेमकी हीच गळालेली असतात, त्यामुळे दोष काढणं हा बिनजोखमीचा खेळ होऊन बसला आहे.

जल्प आणि वितंडा वाईटच, असंही गौतम म्हणत नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग ठरलेल्या सत्याच्या रक्षणासाठी करावा, असं सूत्र आहे. म्हणजे आधी आत अंकुर हवा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांसाठी हाच विचार जास्त व्यवहारी भाषेत आहे. स्नेहाने करायची चर्चा वेगळी, भांडून करायची वेगळी, आणि दुसऱ्या प्रकारात उतरण्याआधी समोरचा कोण आहे, सभा कशी आहे हे जोखून घ्या, असा सल्ला तिथे मिळतो.

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अशा तेरा फसव्या युक्त्या सांगितल्या; सहा भाषेतून निघणाऱ्या, सात भाषेबाहेरच्या. पुढे युरोपात यादी वाढत गेली. आज सगळ्यात जास्त फेकलं जाणारं नाव 'ॲड होमिनेम', म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं, त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. १६९० च्या सुमारास जॉन लॉकने हे नाव वापरलं तेव्हा त्याचा अर्थ शिवी नव्हता. माणसाला त्याच्याच तत्त्वांवरून, त्यानेच आधी कबूल केलेल्या गोष्टींवरून कोंडीत पकडायचं, हा तो डाव. त्याने समोरचा गप्प होतो, पण आपलं म्हणणं खरं ठरत नाही, अशी लॉकची नोंद. 'तू मूळचा कुठला' या प्रकाराला हे नाव नंतर चिकटलं. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स हॅम्ब्लिनने तर्कदोषांवर मोठं पुस्तक लिहिलं. पाठ्यपुस्तकं एकमेकांच्या याद्या उतरवून काढतात आणि मुळात दोष म्हणजे काय याचा विचारच करत नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

लॉकचा तो मूळ डाव सीमाप्रश्नात जसाच्या तसा सापडतो. १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं, त्यानंतर केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागातली २४७ गावं म्हैसूरला द्यावीत. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो अंतिम मानला.

तेव्हापासून 'आयोग तुम्हीच मागितला होता ना?' हे वाक्य आपल्या तोंडावर मारलं जातं. बोचतं, कारण ते खरं आहे. पण लॉकच्याच मापाने पाहिलं तर त्यातून इतकंच निघतं की महाराष्ट्राला आपल्या मागणीबद्दल खुलासा द्यावा लागेल. निवाडा बरोबर होता हे निघत नाही. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा हे निकष लावले की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आणि ज्यांच्या मते अहवाल अंतिम आहे, ते बेळगावचं पान वाचतात आणि खानापूर-निपाणीचं उलटून टाकतात. आपल्याकडचे काहीजण अहवाल मोडीत काढतात, पण २६४ चा आकडा लागला की त्याच अहवालातून काढून आणतात. पान निवडून वाचायची सवय दोन्हीकडे सारखीच. महाराष्ट्र मागतो त्या गावांच्या आकड्याचंही तेच. ८१४ आणि ८६५ असे दोन आकडे फिरतात आणि कोणता कुठल्या कागदातला हे न सांगताच एकमेकांना खोटं पाडलं जातं.

शिलालेखांचा वाद त्या मानाने सोपा आहे. आठशे वर्षांपूर्वीचा दगड कोणत्या भाषेत कोरला यावरून आज बेळगावातल्या अनगोळच्या माणसाला महापालिकेचं परिपत्रक कोणत्या भाषेत मिळावं, हे ठरत नाही. शिवकाळाचे दाखले देणाऱ्यांनाही हेच उत्तर.

खरी गल्लत परिपत्रकाच्याच बाबतीत होते. सीमा कुठे असावी ही एक प्रतिज्ञा. आहे त्या राज्यात मराठी भाषकाला मराठीत कागद मिळावा का, ही दुसरी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आली. मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. राज्यं भाषावार झाली तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसं उरणारच, हे धरूनच ती घातली गेली. तरी मराठीत परिपत्रक मागितलं की 'बेळगाव कर्नाटकाचंच' असं उत्तर मिळतं आणि परिपत्रक नाकारलं गेलं की आपण 'म्हणूनच महाराष्ट्रात जायचंय' म्हणतो. दोन्हीकडे प्रतिज्ञांतर. कागदाचा प्रश्न राहतो बाजूला, आणि तो तर सीमा तसूभर न हलवता सुटण्यासारखा होता.

इंटरनेटवर वाद कसा बिघडतो याची पहिली गाजलेली नोंद १९९० ची, अमेरिकेतल्या माइक गॉडविनची. चर्चा लांबत गेली की कुणीतरी कुणाला हिटलर म्हणणारच, असा त्याचा नियम. आपल्याकडे त्या जागी 'देशद्रोही' किंवा 'घरभेदी' येतो, आणि फार वाट पाहावी लागत नाही.

जुन्या शास्त्राने एक गोष्ट गृहीत धरली होती. बाराव्या शतकातले जैन तर्कपंडित वादिदेवसूरी यांनी वादाची चार अंगं सांगितली आहेत: वादी, प्रतिवादी, सभ्य (म्हणजे सभेतले परीक्षक) आणि सभापती. कोण कुठल्या जागी अडकला हे ठरवायला तिसरा माणूस असे. ग्रुपचा अॅडमिन हा सभापती नव्हे, तो बहुधा वादीचा चुलतभाऊ असतो. गावातल्या वादात निदान पंच तरी असायचे, आणि बोलणाऱ्याला उद्या त्याच चौकातून जायचं असायचं. सीमेच्या प्रश्नावर तिसरा माणूस गाठायला महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. हा विषय न्यायालयाचा नसून संसदेचा, असा कर्नाटकाचा आक्षेप आहे. म्हणजे सभापती कोण, यावरच तिथेही वाद आहे.