संग्राम, बेस, बेट्सी: बंदुकांना माणसांसारखी नावं कशी मिळाली

अकबराच्या खास वापरासाठी 105 बंदुका राखून ठेवलेल्या होत्या, त्याही हजारोंमधून निवडलेल्या. अबुल फझलने ‘आइन-इ-अकबरी’त त्यांची पाळी कशी लागे ते नोंदवलं आहे. महिन्यांच्या हिशेबाने 12, आठवड्यांच्या 30, दिवसांच्या 32 आणि उरलेल्या 31 राखीव. प्रत्येक बंदुकीवर मजकूर कोरलेला असे: लोखंड किती लागलं, ते कुठून आणलं, कारागीर कोण, घडवली कुठे, कधी आणि तिचा क्रमांक किती.

या सगळ्यांत पहिला मान ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीचा. वर्षाचा पहिला महिना फरवर्दीन, आणि त्या महिन्यात संग्राम बादशहाच्या हाती असे. कोणत्या बंदुकीने किती जनावरं मारली याचीही नोंद ठेवली जाई. अबुल फझल सांगतो, एकट्या संग्रामच्या खात्यावर 1019 जनावरं होती. पुढे जहांगीरने आपल्या आठवणींत हा आकडा तीन-चार हजारांवर नेला. बापाच्या मागे बापाची बंदूकही मोठी होत गेली.

1568 च्या फेब्रुवारीत, चितोडच्या वेढ्यात, याच संग्रामने अकबराने तटावर वावरणाऱ्या एका चिलखतधारी सरदारावर नेम धरला. गोळी सुटल्यावर तो राजा भगवंतदासाला म्हणाला की, शिकार लागल्यावर हाताला जो हलकेपणा जाणवतो तो आत्ता जाणवला, म्हणजे माणूस पडला असणार. थोड्याच वेळात गडावर जौहरच्या ज्वाळा दिसल्या. गोळी लागलेला सरदार म्हणजे किल्ल्याचा रक्षक जयमल राठोड, असं दरबारी इतिहास सांगतो. राजपूत परंपरेत मात्र जयमल जखमी होऊनही लढत राहिला. दरबाराने संग्रामचा पराक्रम वाढवून सांगितला असेल, हे धरूनच ही हकिगत वाचायला हवी. पण हाताला जाणवणाऱ्या हलकेपणावरून नेम लागला की नाही हे सांगणारा माणूस त्या एका बंदुकीशी किती सरावलेला होता, हे त्यातून नक्की कळतं.

नाव देण्याचं मूळ मला या सरावात दिसतं. बंदुकीवर प्रेम होतं म्हणून नाव दिलं, हे अर्धंच खरं आहे. हाताने घडवलेलं प्रत्येक हत्यार दुसऱ्यापेक्षा वेगळं वागत असे. हे वेगळेपण लक्षात ठेवण्याची सोय म्हणून नाव आलं आणि लळा त्याच्या पाठोपाठ आला.

शस्त्राला नाव देण्याची चाल बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी जुनी. अर्जुनाचं गांडीव, शिवाचं पिनाक, विष्णूची नंदक तलवार ही नावं आपल्याला शाळेच्या आधीपासून ठाऊक असतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात तर शंखांनाही नावं आहेत: पांचजन्य, देवदत्त, पौंड्र. युरोपात रोलांची दुरांदाल आणि आर्थरची एक्सकॅलिबर, अरबी परंपरेत झुल्फिकार, मराठी मनात भवानी. तलवारींची यादी लांबवता येईल, पण बंदुकीकडे येणारी वाट तलवारीपेक्षा वेढ्याच्या यंत्रांवरून जाते.

1191 मध्ये, धर्मयुद्धांच्या काळात, आजच्या इस्रायलमधल्या एकर शहराच्या वेढ्यात फ्रान्सचा राजा फिलिप याच्याकडे दगडफेकीचं एक यंत्र होतं. त्याचं नाव ‘वाईट शेजारीण’. शहरातल्या बचाव करणाऱ्यांनी उलट मारा करणारं यंत्र उभं केलं, त्याला नाव पडलं ‘वाईट चुलतबहीण’. 1304 मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्यासमोर इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ‘वॉरवुल्फ’ नावाचं प्रचंड यंत्र उभारलं. आतले लोक शरण यायला तयार होते, तरी यंत्राचा मारा करून झाल्याशिवाय त्याने शरणागती स्वीकारली नाही. नाव दिलेलं यंत्र न वापरता परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

मग विंडसर किल्ल्याच्या शस्त्रागाराची 1330 च्या सुमाराची यादी. तीत एका मोठ्या धनुर्यंत्राची नोंद ‘डॉमिना गुनिल्डा’, म्हणजे गुनिल्डाबाई, अशी आहे. इंग्रजीतला ‘गन’ हा शब्द याच बाईच्या नावावरून आला, असं कोशकारांचं सर्वसाधारण मत आहे. स्कँडिनेव्हियन मुळाच्या या नावाच्या दोन्ही भागांचा अर्थ युद्ध असाच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या वस्तूला माणसं पुढे नावं देत राहिली, तिच्या जातीचं नावच एका बाईचं होतं.

तोफा आल्या आणि नावांना बहर आला. त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. मोठी तोफ एकेकटी घडवली जाई. तिच्या तोंडाचा व्यास तिचा स्वतःचा, त्यामुळे दगडी गोळे तिच्यापुरते घडवून घ्यावे लागत. दारू किती भरायची हा अंदाजही तिच्यापुरता. एका तोफेचा गोळा दुसरीत बसत नसे. तोफखान्यात नुसतं ‘मोठी तोफ आणा’ म्हणून भागण्यासारखं नव्हतं. कोणती ते सांगावं लागे, आणि सांगायला नाव लागे.

एडिंबरा किल्ल्यावरची ‘मॉन्स मेग’ 1449 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या मॉन्स गावी घडली. 1457 मध्ये ती स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सला भेट मिळाली. वजन सहा टनांच्या वर, तोंडाचा व्यास जवळपास अर्धा मीटर. सतराव्या शतकात सलामी देताना तिची नळी फुटली आणि ती निकामी झाली. निकामी झाली तरी विसरली गेली नाही: 1754 मध्ये तिला लंडनला नेलं, तर स्कॉटिश लोकांनी तिचा पिच्छा पुरवला, आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने 1829 मध्ये ती परत आणली. नुसत्या सहा टन मोडक्या लोखंडासाठी कुणी एवढी खटपट केली नसती. मेग हे त्यांच्या घरातल्या बायकांचं नाव होतं.

विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची ‘मलिक-इ-मैदान’, म्हणजे रणांगणाचा मालक, 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. घडवणाऱ्याचं नाव, मुहम्मद बिन हसन रूमी, तोफेवरच कोरलेलं आहे. वजन सुमारे 55 टन. तोंड सिंहाच्या जबड्याचं आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. 1632 मध्ये ती परांड्याहून विजापूरला आली. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर तोफ तशीच ठेवली आणि तिच्यावर स्वतःच्या विजयाचा मजकूर जोडला. 1854 मध्ये इंग्रजी अमलात तिचा लिलाव पुकारला गेला आणि ती दीडशे रुपयांना विकलीही गेली. हे बरोबर नाही हे एका अधिकाऱ्याला वेळेत उमगलं आणि त्याने सौदा रद्द करवला, म्हणून ती आज आहे. त्या अधिकाऱ्याचे आपण आभार मानायला हवेत.

तोफ हातची गेली की नावही बदलू शकतं. अहमदशाह अब्दालीच्या वजिराने लाहोरात ओतून घेतलेली ‘झमझमा’ 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या फौजेवर धडधडली. पुढे ती पंजाबातल्या भंगी मिसलीच्या, म्हणजे शिखांच्या एका लढाऊ गटाच्या, हाती लागली आणि लोक तिला ‘भंगियां दी तोप’ म्हणू लागले. 1901 मध्ये किपलिंगच्या कादंबरीतला किम याच तोफेवर बसलेला वाचकांना भेटला, तेव्हापासून ती ‘किमची तोफ’ही झाली. एकाच तोफेवर तीन नावं, आणि प्रत्येक नावामागे सांगणारा वेगळा.

तोफेला अख्खी पलटण लागते, बंदूक एकाच्याच खांद्यावर असते. तिथे नाव अधिक खासगी होतं. अठराव्या शतकात अमेरिकेच्या जंगलपट्ट्यात लांब नळीची, आतून आटे पाडलेली ठासणीची रायफल वापरात आली. जर्मन मुळाचे कारागीर ती एकेक करून घडवत. नळीचं माप प्रत्येकीचं थोडं निराळं निघे, म्हणून बंदुकीबरोबर गोळीचा साचाही त्याच मापाचा करून दिला जाई. मालक शिसं वितळवून त्या साच्यात स्वतःच्या गोळ्या ओते. साचा हरवला तर शेजाऱ्याच्या गोळ्या कामाला येतीलच असं नाही. दारू किती घालायची, नेम किती वर धरायचा, हे त्या एका रायफलीशी वर्षानुवर्षं राहूनच कळे. अशा हत्याराला माणसाने नाव दिलं तर त्यात भाबडेपणा शोधायचं कारण नाही.

टेनेसीचा शिकारी आणि पुढे अमेरिकन काँग्रेसचा सदस्य झालेला डेव्ही क्रॉकेट आपल्या रायफलीला बेट्सी म्हणे. 1834 मध्ये फिलाडेल्फियातल्या त्याच्या राजकीय चाहत्यांनी त्याला एक देखणी रायफल भेट दिली, तिचं नाव झालं ‘प्रिटी बेट्सी’. 1836 मध्ये तो टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला आणि बेट्सी हे नाव अमेरिकेत बंदुकीचं जवळपास सामान्यनाम होऊन बसलं. बफेलो बिल कोडीच्या .50 कॅलिबर स्प्रिंगफील्ड रायफलीचं नाव ‘लुक्रेशिया बोर्जिया’. विषप्रयोगाची बदनामी चिकटलेल्या इटालियन सरदारकन्येचं हे नाव. बदनामीला आधार नाही असं आजचे इतिहासकार म्हणतात. रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी कोडीने 1867-68 मध्ये 4280 गवे मारले, हा त्याचा स्वतःचा दावा. इथेही नावाला आकडा जोडलेला आहेच. पण शाही शिकारखान्याच्या नोंदीत आणि या आकड्यात मोठा फरक आहे: अशाच शिकारीने पुढच्या दोन दशकांत अमेरिकन गवा जवळपास नामशेष झाला. लुक्रेशियाचं कौतुक वाचताना हे नजरेआड होऊ देऊ नये.

सगळ्यात प्रांजळ नोंद सॅम्युएल बेकर या इंग्रज संशोधक-शिकाऱ्याची आहे. नाईलच्या उपनद्यांचा शोध घेताना त्याच्याजवळ अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा उडवणारी एक अवाढव्य रायफल होती. तो तिला ‘बेबी’ म्हणे. त्याचे अरब सोबती तिला ‘तोफेचं पोर’ म्हणत. झाडल्यावर ती आपल्याला वाऱ्यातल्या दिशादर्शकासारखी गरकन फिरवते आणि आपल्याला तिची भीती वाटते, असं त्याने उघडपणे लिहून ठेवलं. भीती वाटणाऱ्या वस्तूला लहान बाळाचं नाव देणं ही माणसाची फार जुनी खोड आहे.

फौजेत गोष्ट निराळ्या वळणावर गेली. 1722 पासून ब्रिटिश सैन्यात आलेली, चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारी मस्केट बंदूक ‘ब्राउन बेस’ म्हणून प्रसिद्ध झाली. हे नाव एका बंदुकीचं नव्हतं, लाखो बंदुकांचं होतं. राणी एलिझाबेथवरून ते पडलं अशी कथा सांगतात, पण राणी 1603 मध्येच वारली होती आणि नाव छापात दिसतं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1785 च्या ग्रोसच्या बोलभाषेच्या कोशात ‘ब्राउन बेसला मिठी मारणे’ म्हणजे साध्या शिपायाची नोकरी करणे, असा अर्थ दिला आहे.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये आणखी एक गोष्ट घडली. ओनोरे ब्लां या कारागिराने बंदुकीच्या चापाचे सुटे भाग ढिगांत मांडले होते. अमेरिकेचा राजदूत थॉमस जेफरसन याने हाताला येतील ते भाग उचलून चाप जोडून पाहिले. सगळे नीट बसले. एका बंदुकीचा तुकडा दुसरीत चालतो म्हटल्यावर तिचं वेगळेपण संपतं. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यांनी हे तंत्र पक्कं केलं. बंदुका हुबेहूब एकसारख्या निघू लागल्या आणि ओळख पटवायला अनुक्रमांक आले. अमेरिकेत तर 1968 च्या कायद्याने प्रत्येक नव्या बंदुकीवर तो सक्तीचा झाला.

तरी नावं थांबली नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शिपायांची संगीन ‘रोझाली’ झाली. 1914 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या लिएजचे किल्ले फोडणाऱ्या क्रुप कंपनीच्या 42 सेंटिमीटरच्या तोफेला जर्मन सैनिकांनी कंपनीची वारसदार बर्था क्रुप हिचं नाव दिलं: ‘जाडी बर्था’. 1918 मध्ये पॅरिसवर दूरवरून मारा करणारी तोफ वेगळीच होती, पण पॅरिसकरांनी तिलाही बर्थाच म्हटलं, आणि हा घोटाळा अजून पुस्तकांत सापडतो. दुसऱ्या महायुद्धातली 80 सेंटिमीटरची महाकाय तोफ बर्थाच्या नवऱ्याच्या नावाने ‘गुस्ताव’ झाली. सोव्हिएत सैन्याचं रॉकेटफेक यंत्र 14 जुलै 1941 रोजी ओर्शाजवळ पहिल्यांदा वापरलं गेलं. सैनिकांनी त्याला त्या काळच्या एका लोकप्रिय गाण्यातल्या मुलीचं नाव दिलं, ‘कात्यूशा’. त्याच्या किंचाळणाऱ्या आवाजाखाली सापडलेले जर्मन त्याला ‘स्टालिनचा ऑर्गन’ म्हणत. गोळा उडवणाऱ्याला मुलगी आठवते. ज्याच्यावर तो पडतो त्याला ते नाव सुचत नाही.

1942 मध्ये अमेरिकन मरीन दलासाठी जनरल रुपर्टस यांनी लिहिलेली रायफलीची प्रतिज्ञा प्रसिद्ध झाली. अशा पुष्कळ आहेत, पण ही माझी आहे, असा तिचा गाभा. कारखान्यातून निघालेल्या लाखो एकसारख्या रायफलींपैकी एकीला आपली मानायला इथे लष्करच शिकवत होतं.

आज अमेरिकन रणगाड्यांचे चमू तोफेच्या नळीवर नाव रंगवतात. त्यालाही लष्कराने शिस्त लावली आहे: नावाचं पहिलं अक्षर कंपनीच्या अक्षराशी जुळायला हवं, आणि नाव वरिष्ठांना मान्य असायला हवं. ‘सी’ कंपनीतल्या चमूला बेट्सी कितीही आवडली, तरी ती त्यांच्या नळीवर चढत नाही.