‘ॲट ऑल’ कुठे चालतं, कुठे अडतं

‘आय हॅव नो मनी ॲट ऑल’ म्हणजे माझ्याकडे दमडीही नाही. पण यातला ‘नो’ काढून ‘आय हॅव मनी ॲट ऑल’ म्हटलं, तर वाक्य मोडतं. ‘माझ्याकडे मुळीच पैसे आहेत’ हे मराठीत मोडतं, तसंच.

म्हणून ‘ॲट ऑल’ म्हणजे ‘मुळीच’ असं पाठ केलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ‘इफ यू हॅव एनी डाउट ॲट ऑल, आस्क’ या वाक्यात नकार कुठेच नाही, तरी ते बिनचूक आहे. इथे ‘मुळीच’ बसत नाही. आपण म्हणतो, ‘जराही शंका असेल तर विचारा.’

याचं फार सुंदर स्पष्टीकरण भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाडुसॉ यांनी 1979 च्या प्रबंधात दिलं. अनुमान कोणत्या दिशेने जातं ते बघा. ‘मी फळ खाल्लं नाही’ हे खरं असेल, तर ‘मी आंबा खाल्ला नाही’ हेही खरंच. होकारात तसं होत नाही: फळ खाल्लं म्हणून आंबाच खाल्ला, असं ठरत नाही. आता ‘फळ खाल्लंस तर पोट दुखेल’ हे घ्या. नकार नाही, पण आंब्यालाही तो इशारा लागू पडतोच. अनुमान असं मोठ्या गटाकडून लहानाकडे उतरतं, तिथे ‘ॲट ऑल’ला जागा मिळते. ‘डू यू स्मोक ॲट ऑल?’ यासारखे प्रश्न मात्र या कसोटीत सरळ बसत नाहीत. त्यांच्यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे.

‘व्हॉटसोएव्हर’ही ‘ॲट ऑल’सारखं नकाराला जोर देतं, पण जास्त ठासून बोलतं. ते नामाच्या किंवा ‘नथिंग’, ‘नन’ यांच्या मागून येतं: ‘नो डाउट व्हॉटसोएव्हर’, ‘नथिंग व्हॉटसोएव्हर’. क्रियापदाच्या नकाराला जोर द्यायचा असेल, तर ‘ॲट ऑल’च बरं: ‘आय डोन्ट लाइक इट ॲट ऑल’.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘मला काहीच मिळालं नाही’ इथे. शब्दाला शब्द लावला की ‘आय डिडन्ट गेट नथिंग’ होतं, आणि प्रमाण इंग्रजीत ते चूक आहे. ‘काहीच’ला नकार बाहेरून जोडावा लागतो, ‘नथिंग’च्या पोटात तो आधीच असतो. म्हणून ‘आय गॉट नथिंग ॲट ऑल’ किंवा ‘आय डिडन्ट गेट एनीथिंग ॲट ऑल’, दोन्हींपैकी एक.

‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ याला ‘नॉट ॲट ऑल’ असं उत्तर आलं, तर खुशाल बसा. विचारलेलं असतं ‘हरकत आहे का?’, आणि नाकारलेली असते ती हरकत.