नखरेल फायटरला काय द्यायचं, लाइव्ह की फ्रोझन?

नवा फायटर (बेट्टा मासा) घरी आला की एक तक्रार हमखास ऐकू येते: दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. दुकानदार म्हणतो लाइव्ह, म्हणजे जिवंत वर्म द्या, मित्र म्हणतो फ्रोझन, म्हणजे गोठवलेले द्या. दोन्ही लाल, दोन्ही बारीक, म्हणून लोक ते एकच समजतात.

दुकानात उथळ ट्रेमध्ये वळवळणारा, केसांच्या गुंत्यासारखा लाल गोळा म्हणजे बहुधा ट्युबिफेक्स. हा गांडुळाच्या गोतावळ्यातला किडा. सांडपाण्याच्या गाळात डोकं खुपसून, शेपूट वर हलवत जगतो. फ्रोझनच्या पाकिटात बहुतेक वेळा असतो तो ब्लडवर्म, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची अळी. ती जरा जाड असते आणि तिचं डोकं वेगळं ओळखू येतं. दोघांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, कारण दोघांनाही कमी ऑक्सिजनच्या चिखलात श्वास घ्यायचा असतो. त्यातही फ्रोझन ट्युबिफेक्स मिळतो आणि लाइव्ह ब्लडवर्मही, तेव्हा नाव विचारूनच घ्या.

भाजी-मासळीच्या बाजारात ‘ताजं ते चांगलं’ हे खरं. इथे मात्र ते लागू पडेलच असं नाही. नाल्यातून आलेला जिवंत ट्युबिफेक्स कितीही धुतला तरी सोबत जंतू आणतो. मी तो टाळतेच. गोठवल्याने परजीवी बरेचसे मरतात, बॅक्टेरिया मात्र सगळे मरत नाहीत. काही कंपन्या त्यासाठी गॅमा किरणांचा वापर करतात. पोषणात लाइव्ह आणि फ्रोझनमध्ये फार मोठं अंतर नसतं. लाइव्हची खरी ताकद एकच, ते हलतं. फायटर मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला आणि दलदलीतला. तोंड वर वळलेलं, पृष्ठभागाजवळ वळवळणारं काही दिसलं की झडप घालणारा. न हलणारा दाणा त्याला सुरुवातीला अनेकदा खाणं वाटत नाही.

म्हणून नखरेल माशाला सुरुवातीचे काही दिवस लाइव्ह डाफ्निया (गोड्या पाण्यातला, उड्या मारत पोहणारा बारीक जीव) द्यावा आणि मग फ्रोझनवर आणावं. डासांच्या अळ्याही त्याला फार आवडतात, फुकटही मिळतात. पण बादलीत पाणी साठवून त्या वाढवल्या तर आठवड्याभरात डास उडू लागतात, आणि डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची नोटीस येते ती वेगळीच.

फ्रोझन देताना पाकिटातला अख्खा गोठलेला चौकोन टाकू नका, एका फायटरला तो फार होतो. सुरीने कोपरा कापा, वाटीत टँकचंच पाणी घेऊन त्यात सुटू द्या आणि लाल पाणी गाळणीने गाळून फेका. ते टँकमध्ये गेलं तर पाणी नासतं. मग एकेक अळी चिमट्यात धरून पाण्याच्या वरच्या थरात हलकेच थरथरवा. मासा आधी तिरका होऊन न्याहाळतो, थोडा मागे सरकतो, आणि पुढच्या क्षणी चिमट्यालाच धडकतो. एवढं जमलं की निम्मं काम झालं. तीन-चार अळ्या पुरे. ब्लडवर्म रोज नको, आठवड्यातून दोनदा-तीनदा. हात शक्यतो लावू नका, काहींना ब्लडवर्मची ॲलर्जी येते.

फ्रीजरमध्ये मटाराशेजारी हे पाकीट दिसलं की घरात काय ऐकावं लागतं ते सांगायला नको. झाकणाचा वेगळा डबा ठेवा. वीज बराच वेळ जाऊन चौकोन वितळले, तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

पाकिटावर ‘फ्रीज-ड्राइड’ लिहिलेलं असेल तर ते फ्रोझन नव्हे. ते कोरडं असतं, पोटात फुगतं. आधी भिजवायचं, मगच द्यायचं.

आणि माशाला नखरेल ठरवण्याआधी थर्मामीटर बघा. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर नसेल तर पाणी २४ अंशांखाली सहज जातं आणि भूक मंदावते. तेव्हा लाइव्ह, फ्रोझन काहीही दिलं तरी तो तोंड फिरवतो. २५ ते २८ अंशांत पाणी आणा आणि मग पुन्हा द्या.

पिल्लांच्या बाबतीत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. नुकतं पोहू लागलेलं पिल्लू न हलणाऱ्या खाद्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. त्यांना आधी इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आणि मग मिठाच्या पाण्यात साधारण दिवसभरात उबणारी आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्लं लागतात.