कोच कोण, मॅनेजर कोण?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला आलेल्या एखाद्या पोराला विचारा, ‘टीमचा मॅनेजर काय करतो?’ तो म्हणेल, ‘टीम काढतो, म्हणजे कोण खेळणार ते ठरवतो.’ त्यात त्याची चूक नाही. रात्री जागून तो इंग्लिश प्रीमियर लीग बघतो आणि तिथं टीम काढणाऱ्यालाच मॅनेजर म्हणतात. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते. आपण त्यांना कोचच म्हटलं असतं. मिकेल आर्तेता २०१९ मध्ये आर्सेनलला ‘हेड कोच’ म्हणून आले आणि २०२० मध्ये कामाचा पसारा वाढला तसं क्लबनं त्यांना ‘मॅनेजर’ केलं.

गोंधळाचं दुसरं मूळ आपल्याच तालमीत आहे. वस्ताद डाव शिकवतो, खुराकावर नजर ठेवतो, कुस्ती कुणाशी जोडायची ते बघतो आणि पोराच्या वडिलांशीही तोच बोलतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या आपल्या फुटबॉल संघांच्या नावातच तालीम आहे. एकानंच सगळं बघायची सवय लाल मातीतून मैदानावर आली.

आपल्याकडच्या संघात मात्र ही दोन कामं वेगळी आहेत आणि वेगळीच ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे. पोरगं मैदानात काय करतं, ते कोचनं बघायचं. ते मैदानापर्यंत नीट पोचतं का आणि तिथं त्याच्या हक्काचं त्याला मिळतं का, ते मॅनेजरनं. म्हणजे नोंदणी, खेळाडूंची यादी, जर्सी, कार्डांचा हिशेब, गाडी आणि पंचांच्या टेबलापाशी जाऊन बोलणं. हे काम कारकुनी वाटतं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी खाशाबा जाधवांची हेलसिंकीतली कुस्ती आठवावी.

१९५२ चं ऑलिंपिक. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून या मल्लाच्या प्रवासाला पैसे उभे केले होते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. तो नियम पुढं करायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असंच त्या कुस्तीबद्दल सांगत आलेत. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्याचा अभिमान आहेच. पण त्या घडीला त्यांना डाव सांगणारा नको होता. टेबलापाशी जाऊन ‘नियमानं तीस मिनिटं द्या’ एवढं म्हणणारा हवा होता. आठवलं की आजही पोटात कालवतं.

आता उलट बाजू. इथं मॅनेजर म्हणून मीच चुकलोय. एका पेठेच्या संघाबरोबर मी दोन हंगाम होतो. आमचा डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, एकोणीस वर्षांचा, सलग तीन मॅच खेळलेला. चौथ्या मॅचच्या आदल्या रात्री मी व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा जणांची लिस्ट टाकली. त्यात त्याचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यांवर बसलेला, बूट पिशवीतच. ‘दादा, माझं काय चुकलं?’ मला राहवलं नाही. म्हटलं, ‘काय नाही रे, त्यांचा विंगर लई फास्ट हाय, म्हणून सरांनी बदल केलाय.’ मला वाटलं, धीर दिला.

सरांचं, म्हणजे आमच्या कोचचं, कारण निराळंच होतं. पोराचा घोटा सुजला होता आणि पुढच्या मॅचसाठी त्याला राखून ठेवायचं होतं. त्यानं मात्र माझ्या तोंडून ‘तू स्लो आहेस’ एवढंच ऐकलं. पुढचे पंधरा दिवस सरावात समोरून कुणी बॉल घेऊन आला की तो अंगावर जायच्या ऐवजी मागं सरकायचा. खेळातलं ‘का’ हे कोचनंच सांगायचं असतं, आणि मी ते उसनं घेऊन, तेही चुकीचं, वाटून टाकलं होतं. कोचही असंच करतात. ‘गाडीभाड्याचं बघू’ म्हणून पोरांना शब्द देतात आणि तो पाळायचा असतो मॅनेजरला, ज्याला त्याची कल्पनाही नसते.

दुखापतीचा निर्णय दोघांचाही नाही. तिथं डॉक्टर म्हणेल ते.

बेंचवर कुणी बोलायचं, हे तर फुटबॉलच्या नियमातच आहे. टेक्निकल एरियातून, म्हणजे बेंचभोवतीच्या ठरलेल्या जागेतून, डावपेचांच्या सूचना एका वेळी एकानंच द्यायच्या. २०१९ पासून बेंचवरच्या माणसांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, आणि गुन्हा कुणाचा ते ओळखता आलं नाही तर कार्ड तिथल्या मुख्य कोचला मिळतं. म्हणजे मॅनेजर रागाच्या भरात पंचावर ओरडला आणि तो सापडला नाही, तर भोगायचं कोचनं. युरो २०२४ या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत तर पंचाशी निर्णयाबद्दल बोलायला फक्त कॅप्टननं जायचं, असं ठरवून दिलं होतं. आपल्याकडं एका थ्रो-इनसाठी बेंचवरची सहा माणसं एकदम उठतात. आत खेळणाऱ्या पोराला त्यातलं कुणाचं ऐकायचं तेच कळत नाही.

दुसऱ्या हंगामात आम्ही एकच गोष्ट बदलली. ज्याला बसवायचं त्याला सरांनी आधी स्वतः भेटायचं, लिस्ट मग. तोच डावा बॅक पुन्हा एकदा बाहेर बसणार होता. सर संध्याकाळी मोटरसायकल घेऊन त्याच्या गल्लीत गेले. चहाच्या गाड्यावर दोघं दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. रात्री नऊच्या सुमारास सरांचा फोन आला, ‘सांगितलंय त्याला. टाक आता लिस्ट.’