शाळा सुटल्यावरची पावलं

शाळेत निदान पीटीचा तास असतो, मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर हुंदडतात. खरा घोळ शाळा सुटल्यावर. बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडची मुलं दप्तर टाकलं की ट्यूशनला, तिथून घरी आणि मग मोबाईल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेलशी हालचाल हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलतच नाहीत. मुलींचं चित्र आणखी वाईट.

ही हालचाल मोजायचा एक सोपा मार्ग म्हणजे पेडोमीटर: पावलं मोजणारी, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची छोटीशी डबी. जुन्या प्रकारात आत स्प्रिंगवर टांगलेली दांडी असते. पाऊल पडलं की कमरेला हिसका बसतो, दांडी खाली जाते, सर्किट जुळतं आणि आकडा एकाने वाढतो. म्हणून डबी तिरकी बसली किंवा चाल फार संथ असली की पावलं गळतात. मोबाईलमधला सेन्सर तिन्ही दिशांचे हिसके टिपतो आणि त्यांत चालण्याचा ठेका सापडला तरच पाऊल धरतो. डबी हातात धरून हलवत बसणारे महाभाग प्रत्येक वर्गात निघणारच!

दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानी यंत्राच्या विक्रीतून रुळला. मुलांना तो अपुरा आहे. ६ ते ११ वयाच्या मुलग्यांसाठी संशोधक १३ ते १५ हजार, मुलींसाठी ११ ते १२ हजार धरतात.

पण नुसती डबी लावून कुणी चालत नाही. २००७ मध्ये, मुख्यतः प्रौढांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात पेडोमीटर वापरणाऱ्यांची रोजची पावलं दोन ते अडीच हजारांनी वाढली होती. ज्यांना उद्दिष्ट दिलं नव्हतं, त्यांच्यात मात्र म्हणण्यासारखी वाढ नव्हती. त्यामुळे आधी आठवडाभर फक्त मोजावं. पहिले एक-दोन दिवस नवलाईचे, ते सोडून द्यावेत. सरासरी ७ हजार आली तर पुढचं लक्ष्य दहा टक्के जास्त, म्हणजे ७,७००, आणि रोजचा आकडा वहीत. वर्गात पहिला नंबर काढण्याची स्पर्धा मला पटत नाही. खानापूरकडच्या खेड्यातून शाळेला चालत येणारी मुलगी आणि व्हॅनमधून उतरणारा मुलगा यांची तुलना कशी करणार?

यंत्राला न दिसणारंही बरंच असतं. राजहंसगडाचा चढ सायकलने चढलेल्या पोराच्या नावावर डबी फारसं काही जमा करत नाही. त्यासाठी वहीत सायकलच्या मिनिटांचा वेगळा रकाना हवा. उलट दिवाळीत किल्ला करताना, मातीसाठी शेतात, दगडांसाठी नाल्यावर अशा खेपा घालताना आकडा आपोआप चढतो. जून ते सप्टेंबर इकडचा पाऊस मुलांना घरात डांबतो, तेव्हा जुलैचा आकडा एप्रिलशी ताडून मुलांना बोलू नये. तो मागच्या जुलैशी ताडावा.