म्हाताऱ्या कोंबड्याची निगा

परसातील कळपात उतारवयाला लागलेल्या नराला आहार, निवारा, आरोग्य आणि कळपातील जागा या बाबतीत द्यावी लागणारी वेगळी वागणूक. व्यावसायिक पोल्ट्रीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण तिथे नर म्हातारा होण्याआधीच कळपातून काढला जातो. परसात मात्र कोंबडा साधारण 5 ते 8 वर्षे जगतो आणि निगा चांगली असेल तर 10 वर्षांपुढेही जातो. मांसासाठी पैदास केलेले भारी नर याला अपवाद आहेत. स्वतःचेच वजन त्यांच्या पायांना आणि हृदयाला फार काळ पेलत नाही.

कोंबडा म्हातारा कधी झाला हे एका तारखेवर सांगता येत नाही. तो पाचेक महिन्यांत वयात येतो, दोन वर्षे जोमात असतो आणि त्यानंतर त्याची फलनक्षमता हळूहळू उतरते. अंडी उबतात म्हणजे नर अजून तरणा आहे, हा हिशेब फसवा आहे. कोंबडीच्या अंडवाहिनीत शुक्राणू दोन आठवड्यांच्या आसपास टिकून राहतात, त्यामुळे क्वचित जोडी करणाऱ्या नराचेही काम भागते. त्यापेक्षा त्याची चाल पाहावी: उडी मारण्याआधी तो थबकतो का, दुपारी एका पायावर जास्त वेळ उभा राहतो का, धुळीत लोळणे आणि पिसे विंचरणे कमी झाले आहे का.

म्हाताऱ्या नराचे बरेचसे हाल वयाने होतात त्याहून जास्त मानमरातब गेल्याने होतात. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड असते. नॉर्वेचे थोरलेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीस तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आरवण्यालाही ही उतरंड लागू पडते. जपानमधील 2015 सालच्या एका अभ्यासात पहाटे सर्वांत वरचा नर आधी आरवतो आणि बाकीचे क्रमाने त्याच्यामागून आरवतात, असे दिसून आले. वरच्या नराला बाजूला काढले की दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. त्यामुळे कळपात दोन नर असतील आणि पहाटेचा पहिला आवाज बदलला असेल, तर खुराड्यात काहीतरी घडले आहे असे अंथरुणातूनच समजावे. तरण्या नराने तुरा फोडला, कोपऱ्यात कोंडले, दाण्यापासून हाकलले, की दोघांच्या मध्ये जाळी घालणे हाच खरा उपाय. म्हाताऱ्याला एकटे मात्र ठेवू नये. दोन-तीन शांत, वयस्क कोंबड्या त्याच्यासोबत द्याव्यात.

आहारात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य नरालाही देणे. कवचासाठी त्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, नराला मात्र एक टक्क्याच्या आसपास पुरते. जास्तीचे कॅल्शियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडांवर ताण टाकते. मूत्रपिंडे थकली की युरिक आम्ल सांध्यांत आणि पोटातल्या अवयवांवर साठून गाउट होतो. सगळ्या कळपाला कमी कॅल्शियमचे साधे खाद्य घालावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंडी देणाऱ्या कोंबड्या तो आपणहून खातात.

दाणे सापडले की ‘टुक टुक’ करून कोंबड्यांना बोलावणे आणि आपण मागे राहणे ही नराची सवय असते. तरणाताठा नर नंतर भराभर खाऊन घेतो. म्हाताऱ्याने चोचीत धरलेला दाणा खाली टाकेपर्यंत कोंबडी तो उचलून पळालेली असते. असा नर दिवसभर दाण्यांभोवती दिसतो आणि तरी उपाशी राहतो. म्हणून पाहण्यावर भिस्त ठेवू नये, हात लावून पाहावे. अंधार पडल्यावर कोंबड्यांना नीट दिसत नाही आणि धरलेला नर फारसा झटापट करत नाही. तेव्हा पिसांखाली बोटे घालून छातीचे मधले हाड चाचपावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखे टोचू लागले तर तो कित्येक दिवसांपासून खंगतो आहे. त्याच वेळी गळ्याखालची अन्नाची पिशवीही पाहावी. ती रात्री भरलेली असावी आणि सकाळी रिकामी. सकाळीही फुगलेली राहिली तर अन्न पुढे सरकत नाही. धरताना छाती आवळू नये. पक्ष्यांना श्वासपटल नसते, छाती पुढे-मागे हलली तरच त्यांना श्वास घेता येतो.

पायांकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. पायामागचा काटा आयुष्यभर वाढतो. तो वळून दुसऱ्या पायाला लागला की नर फेंगडा चालू लागतो. काट्याच्या आत जिवंत हाड असते, म्हणून फक्त टोक थोडे-थोडे कानशीने घासावे. पकडीने वरचे कवच पिळून काढण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. ती वेदनादायक आहे आणि म्हाताऱ्या नरावर तरी करू नये. पायाचे खवले उचलून खरबरीत झाले असतील तर त्यांखाली माइट हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी असतात. कोमट पाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशने घासून त्यावर व्हॅसलिन चोपडावे आणि हे काही आठवडे पुन्हा पुन्हा करावे. तळव्यावर काळी खपली आणि सूज दिसली तर आत पू साचलेला असू शकतो. तिथे घरगुती चिरफाड टाळून पशुवैद्यक गाठावा.

बसायची दांडी फूटभर उंचीवर आणावी, तिच्याखाली जाड भुसा पसरावा. उंच दांडीवरून रोज सकाळी मारलेली उडी जड नराच्या तळव्यांना आणि सांध्यांना मारक ठरते. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी हवे, कारण कोंबड्यांना घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग निववतात. गोठणाऱ्या थंडीत मोठा तुरा आधी गारठतो. एरवी लाल असणारा तुरा जांभळट होणे हे मात्र थंडीखेरीज रक्ताभिसरण बिघडल्याचेही लक्षण असते.

खाणे सुटले, उभे राहवत नाही, वेदनाशामकानेही फरक पडत नाही, अशा वेळी पशुवैद्यकाकडून वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय लांबवू नये. आजार लपवणे ही कोंबड्यांची जातच आहे, त्यामुळे तो केविलवाणा दिसू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हातारा नर एकटाच गेला तर वय हे कारण मानता येते. त्याच्या मागोमाग दोन-तीन दिवसांत दुसरा पक्षी मेला, तर वयाला दोष देऊ नये. मृत पक्षी हातमोजे घालून बाजूला ठेवावा, बाकीचा कळप बाहेर सोडू नये आणि पशुवैद्यकाला तपासणीसाठी कळवावे.